खोक्यातली एक चिठ्ठी

मंगळवार, २१ अदार

बायकोची, तिर्झाची पुण्यतिथी, आमच्या हिब्रू पंचांगाने. दोन वर्षे झाली. डोंगरावरच्या कबरस्तानात एकटाच गेलो. तिच्या दगडावर कुणीतरी आधीच एक खडा ठेवलेला — ताजा, अजून मातीने ओला. शेजारपाजारचे कुणी असेल. आमच्यात कबरीवर फुलांऐवजी खडा ठेवतात; मी माझा त्याच्या बाजूला ठेवला.

उतरताना मागे खडीवर पावले वाजत होती. मी थांबलो की थांबायची. असेल आपल्यासारखाच कुणी, माणसे पुरलेला. मान दुखते म्हणून वळलो नाही.

आमच्या भाषेत दगड म्हणजे 'एवेन'. त्यात 'आव' आहे, बाप. 'बेन' आहे, मुलगा. मधले एक अक्षर, तेच व आणि तेच ब, दोघांत सामाईक. जुन्यांनीही हे सांगितलेय. मी पुढे लिहिले — ते अक्षर ओढून काढले की दोघेही मोडतात. खोक्यातली माझ्या व्युत्पत्तींची चिठ्ठी, क्रमांक ६१२. लिहिले तेव्हा केवढा खूश झालो होतो!

गुरुवार, २३ अदार

तेल अवीवच्या प्रकाशकाचे पत्र. "आपल्या व्युत्पत्ती मनोरम आहेत, मात्र यास भाषाशास्त्र म्हणता येत नाही. फार तर कविता म्हणता येईल."

फार तर! छत्तीस वर्षे चौथीच्या मुलांकडून कविता पाठ करून घेतल्या. फार तर!

'दावार' म्हणजे शब्द, 'मिदबार' म्हणजे अरण्य. मूळ एकच. का? अरण्यात माणसाजवळ शब्दाखेरीज काही उरत नाही म्हणून. हे पंडितांना कळत नाही. चौथीतल्या पोरांना कळायचे.

रविवार, ४ निसान

वल्हांडण दहा दिवसांवर; त्या सणात घरात खमिराच्या पावाचा चुराही चालत नाही. सगळ्या बिल्डिंगीत गाद्या बडवण्याचा आवाज. शेजारची मझल दारात — कमरेला फडके, हातात झाडू.

"गुरुजी, तुमचे घर कोण बघणार? खमिराचा कण राहिला तर पाप तुम्हाला, आणि बोलणी मला!"

"माझ्याकडे कसला कण, बाई? मी एकटा माणूस."

"एकटा माणूस म्हणजे दहा उंदीर," म्हणाली. बुधवारी मी डोळे दाखवायला जाणार, तेव्हा किल्ली देऊन जायचे ठरले.

सोमवार, ५ निसान

खरे ते लिहून ठेवतो. दुसरे कोण वाचणार आहे?

तिर्झाला पुरताना असाफ बोलायला उभा राहिला. माझा एकुलता एक. दर शुक्रवारी जेवणापूर्वी घराघरांत गातात ती ओळ त्याने घेतली — सद्गुणी बायको कुणाला लाभते. आवाज फुटत होता. आणि मी — उघड्या खड्ड्याच्या काठावर, सगळ्यांदेखत — म्हणालो, "सद्गुणी नव्हे, असाफ. त्या शब्दाचा मूळ अर्थ फौज. नीट बघ."

नीट बघ!

त्याने हातातला कागद घडी करून खिशात घातला. सात दिवस सुतकात माझ्या शेजारी बसला, एक शब्द बोलला नाही. मग बैरशेबाला गेला. तेव्हापासून फोन नाही, पत्र नाही.

माझ्या तोंडाला क्षमा मागता येत नाही. ते लहानपणापासून पाठांतराचे तोंड. म्हणून खोके. बुटाच्या खोक्यात नऊशे चिठ्ठ्या आणि तळाशी एक त्याच्या नावाची. मी गेल्यावर खोके त्याच्याकडे जाईल, चिठ्ठ्या चाळताचाळता त्याला ती सापडेल. एवढीच माझी योजना. भित्र्याची योजना.

शुक्रवार, ९ निसान

खोके नाही.

कपाट घासूनपुसून लख्ख. खोके नाही! मझलकडे धावलो.

"ते होय? अहो, खोके होते की बेकरी? एकेक चिठ्ठी झटकली तर चुरा! खात खात लिहीत होतात ना?"

"चिठ्ठ्या कुठे आहेत, मझल?"

"टाकल्या नाहीत हो! पानापानावर देवाचे नाव, मी काय धर्म सोडलाय? सिनेगॉगच्या पेटीत नेऊन ठेवल्या. पाया पडून."

देवाचे नाव असलेला कागद केरात जात नाही, पेटीत जातो, पेटी भरली की गाडी येऊन नेते आणि माणसासारखा पुरतात. इतर लोक नाव अर्धेच लिहितात, एक अक्षर गाळून. मला अर्धवट आवडत नाही. पूर्ण लिहायचो. अर्धे लिहिले असते तर तिने रद्दी समजून विचारले तरी असते.

ती आणखी काही सांगत होती. मी ऐकायला थांबलो नाही. शब्बाथ, कामाला हात न लावण्याचा वार, लागायला अर्धा तास. शब्बाथला पेटीला हात कसा लावू?

रविवार, ११ निसान

सिनेगॉगचा कारभारी शब्ताय कुलूप काढत होता. मला बघून म्हणाला, "गाडी गुरुवारीच गेली, गुरुजी. सणाआधीची खेप."

"कुठे पुरले?"

"डोंगरावर. मोठा खड्डा, चाळीस पोती. पुरलेले उकरत नाहीत, माणूस असो की कागद." माझा चेहरा बघून खांद्यावर हात ठेवला. "जाऊ द्या. तेल अवीवच्यांनी परत केले ना? वरचा संपादक दयाळू आहे."

हसलोसुद्धा. घरी येऊन ओट्याला धरून उभा राहिलो.

तिर्झाच्याच डोंगरावर आहेत. तिला माझ्या व्युत्पत्तींचा कंटाळा होता. बिचारी!

सोमवार, १२ निसान

आठवून पुन्हा लिहायला बसलो. सकाळपासून चौदा चिठ्ठ्या. 'गर्भ' आणि 'दया' एका मुळाचे — पण त्यापुढे मी काय म्हटले होते? कोरे. शाळेत दहाव्या वर्षी पाठ केलेल्या कविता सगळ्या येतात, एकही ओळ गळत नाही. माझे स्वतःचे काही येत नाही.

असाफची चिठ्ठी चार वेळा लिहिली, चार वेळा फाडली. ती मी एकदाच लिहू शकत होतो.

मंगळवार, १३ निसान

अंधार पडल्यावर रीतीप्रमाणे मेणबत्ती घेऊन खमीर शोधले. मझलने इतके झाडलेय की शोधण्यापुरतेही ठेवले नाही. रिकाम्या कपाटात मेणबत्ती धरून किती वेळ उभा होतो कोण जाणे. मेण बोटावर सांडले.

उद्याच्या जेवणाला मझलने बोलावलेय. नको म्हणालो. मला कुणाच्या घरचा उपरा व्हायचे नाही.

बुधवार, १४ निसान, दुपार

मझल आली. सणामुळे हाताला पीठ नाही, म्हणून फडक्याला काय पुसावे तिला कळेना.

"गुरुजी, रागवा हवे तर. शुक्रवारी सांगत होते, तुम्ही ऐकलेत कुठे? एका चिठ्ठीवर देवाचे नाव नव्हते. नुसते असाफचे. ती पेटीत कशी टाकू? माझा भाऊ बैरशेबाची बस चालवतो, त्याच्या हाती धाडली. आज ही उलट आली."

माझे अक्षर, चुऱ्याचा तेलकट डाग. "असाफ — मुलाचा बळी द्यायला गेलेला अब्राहाम बळी न देताच डोंगरावरून उतरला असे शास्त्र सांगते, त्या मुलाचे, इसहाकाचे, नाव घेत नाही. भाष्यकार म्हणतात, त्याला शिकायला पाठवले. मी म्हणतो, त्याला बापाबरोबर चालवेना. सुरी कुणाच्या हातात होती ते त्याने पाहिले होते. माझी सुरी तू पाहिलीस. मला क्षमा कर."

खाली असाफचे अक्षर, लाल शाईत, मी वह्या तपासायचो तसे:

"चूक. इसहाक मागूनच येत होता. म्हाताऱ्याने वळून पाहिले नाही."

त्याच दिवशी, सूर्यास्ताआधी

२१ अदारचे पान काढून वाचले. खडीवर पावले वाजत होती. मी थांबलो की थांबत होती.