दातांच्या पत्रकाची चिरफाड

तीर्थस्वरूप मामा यांस,

दात उपटणाऱ्या भाच्याचा वाकून नमस्कार. तुम्ही खुशाल असाल, मामीही असतील, आणि छापखान्यातलं जुनं यंत्र तुम्हा दोघांपेक्षा जास्त कुरकुरत असेल, असं धरून चालतो. मी ठीक आहे. (ठीक म्हणजे कितपत, ते पुढे येईलच.)

मागे तुम्ही मला दातांच्या निगेचं एक पत्रक छापून दिलं होतंत. मजकूर माझा. वर 'सावधान!' असा मथळा, त्याखाली किडलेल्या दाढेचा फोटो, आणि मग काय खाऊ नका, काय पिऊ नका, कशाने कोरू नका. प्रुफं वाचून तुम्ही "जोरदार आहे" एवढंच म्हणालात. ते कौतुक होतं असा माझा समज होता. पण दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत लोक त्या पत्रकाने वारा घ्यायचे. (एकाने त्यात च्युइंग गम गुंडाळून ठेवला होता, आणि न खाण्याच्या पदार्थांत मी च्युइंग गमलाच पहिला मान दिला होता.) वाचत मात्र कोणी नव्हतं. म्हणून ग्रंथालयाच्या माडीवर रोजच्या मजकुराचं वाचन शिकवणारा संध्याकाळचा वर्ग निघाला, तेव्हा मी नाव घातलं. तिथे कथा-कविता नाहीत. जाहिराती, सूचना, अग्रलेख, औषधाच्या खोक्यातले घडी घातलेले कागद असलं वाचायचं. शिकवतात ते एका वर्तमानपत्रातून निवृत्त झालेले उपसंपादक. त्यांचं म्हणणं असं की कुठलाही कागद हाती आला की आधी विचारावं, हा कशासाठी लिहिलाय, कोणासाठी लिहिलाय, आणि त्यासाठी भाषेकडून काय काय कामं करून घेतलीत. आम्ही लिफ्टमधल्या पाटीपासून सुरुवात केली. एका गृहस्थांनी ती इतकी मन लावून वाचली की त्यांना तीत पाटी लिहिणाऱ्याचं बायकोशी झालेलं भांडण दिसलं.

पुढच्या खेपेला ज्याने त्याने आपला कागद आणायचा होता. मी विम्याचं माहितीपत्रक नेलं. माझ्या शेजारी जनावरांची डॉक्टर असलेली एक बाई बसते (कुत्री, मांजरं, क्वचित पोपट). ती उठली आणि पर्समधून तिने माझं पत्रक काढलं! दाढ ठणकत होती तेव्हा एका दंतवैद्याच्या बाहेरच्या खोलीत मिळालं म्हणाली. दवाखान्यात माझा चेहरा मास्कआड असतो आणि ही तर आत आलीच नव्हती, त्यामुळे मला ओळखण्याचा प्रश्न नव्हता. मी वहीत डोकं घातलं.

तिने चिरफाड सुरू केली. हेतू माहिती देण्याचा दाखवलाय, खरा हेतू झापण्याचा आहे. लिहिणाऱ्याच्या मनातला वाचक म्हणजे चोरून गोळ्या खाणारा शाळकरी गुन्हेगार. प्रत्यक्षातला वाचक ठणकती दाढ घेऊन बसलेला आहे, त्याला आता 'गोड खाऊ नका' सांगून काय उपयोग? भाषा सगळी आज्ञार्थी, ओळीओळीला 'नका', आणि उद्गारचिन्हं अशी की हातात काठी घेऊन उभी आहेत. 'दुखणार नाही' असं कुठेही नाही, आणि माणूस नेमकं तेवढंच शोधत असतो. पायात काटा गेलेल्या कुत्र्याशीही आपण याहून बरं बोलतो, असं सांगून ती खाली बसली. उपसंपादकांनी विचारलं, लिहिणारा कसा असेल? कोणी म्हणालं, निवृत्त फौजदार. कोणी म्हणालं, घरी बोलायला कोणी नसावं बिचाऱ्याला. वर्ग हसला. मीही हसलो. (न हसणं संशयास्पद दिसलं असतं.)

मग मात्र मला राहवलं नाही. मी म्हणालो, "लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल."

"असेल. पण तो कागदावर कुठे आहे, दाखवा," ती म्हणाली.

विषय बदलावा म्हणून मी तिच्या दाढेचं काय झालं ते विचारलं.

"काय होणार? हे वाचलं आणि उठून आले. हल्ली डाव्या बाजूने जेवते."

इथे माझं हसू संपलं, मामा. दाढ दुखणारं माणूस माझ्या दारापर्यंत आलं होतं आणि मीच लिहिलेल्या कागदाने त्याला परत पाठवलं होतं.

घरी येऊन पत्रक नव्याने लिहायला घेतलं. पहिला खर्डा इतका लाडिक झाला की दवाखान्यातल्या मदतनीस बाईंनी विचारलं, आपण पाळणे विकणार आहोत का? बरेच कागद फाडल्यावर एक जमला. सुरुवात 'दुखतंय ना? बसा' अशी. पुढे आत काय काय करतील, कुठे दुखेल, कुठे दुखणार नाही, आणि सहन झालं नाही तर हात वर करा, काम थांबेल. कुठेसा सापडला असं खोटं सांगून मी तो वर्गात तिला दिला. तिने तो मनात वाचला. म्हणाली, "हेतू, मला बोलावणं. वाचक, मी. युक्ती काही दिसत नाही, सरळ लिहिलंय." आणि घडी करून पर्समध्ये टाकला.

त्याच आठवड्यात ती दवाखान्यात आली. मी मास्कआडून शक्य तितकं कमी बोललो. तिने मधेच हात वर केला. मी थांबलो.

मामींना नमस्कार.

तुमचा,
भाचा

ता. क. नवा मजकूर सोबत आहे. जरा ठसठशीत टाइपात छापून द्याल का? जुनी पत्रकं उरली असतील तर रद्दीत घाला.

ता. क. दुसरा. पाकीट बंद करण्याआधीच हे पत्र तिने वाचलं. (आज दाढेचं पुढचं काम होतं. भूल चढेपर्यंत तिला बाहेर बसवलं होतं आणि टेबलावर वाचण्यासारखं दुसरं काही नव्हतं.) तिला मी पहिल्याच दिवशी कळलो होतो म्हणे. दवाखान्यात दारातून माझा आवाज तिने ऐकला होता, आणि वर्गात खिडकीजवळच्या माणसाला मी त्याच आवाजात "आणखी थोडं उघडा" म्हणालो होतो. मग भर वर्गात माझी अब्रू का काढलीत, असं मी विचारलं. ती म्हणाली, "तोंडावर बोलायला गेले असते तर तुम्ही आ करायला लावलं असतं." या पत्राबद्दल तिचं मत असं की वाचक मामा आहेत हे खरं, पण हेतू छपाईचा नाही, त्याला चार ओळी पुरल्या असत्या. मग कसला, मी विचारलं. तिचा ओठ बधिर झाला होता. भूल उतरली की सांगते, म्हणाली.

ता. क. तिसरा. उतरली. पत्राचा हेतू म्हणे तुम्हाला तिच्याबद्दल सांगण्याचा; तिने बरोबर वाचलं. येत्या रविवारी तुम्ही आणि मामी घरी आहात का, ते उलट टपाली कळवा. दोघं येऊ. छपाईची घाई नाही.