दुधाळ ऑइलची बाटली व इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा शेती, सध्या नुसती देखरेख, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, निळ्या शाईने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. दडपण आणण्याचा प्रयत्न पत्नीने केला. ती म्हणाली, "अहो, एका पानात आटपा." मी तिचे ऐकलेले नाही, यावरून माझी इच्छा स्वतंत्र आहे हे सिद्ध व्हावे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला आमच्या डॉक्टरांनी शेवटी जोडला आहे.

यापूर्वीचे, आठ वर्षांपूर्वीचे मृत्युपत्र मी रद्द करतो. ते रागात लिहिले होते आणि त्यात सात ठिकाणी "धाकट्या भावाला काहीही देऊ नये" असे होते. त्याने काही मागितले होते अशातला भाग नाही.

कलम १. राहते घर पत्नीला, तिच्यानंतर मुलगा व मुलगी यांना निम्मे निम्मे. जमीनही त्या दोघांना सारखी. बँकेतल्या ठेवी आधीपासूनच पत्नीच्या ताब्यात आहेत. त्यांच्याविषयी तोंड उघडण्याचा अधिकार मला जिवंतपणीही नव्हता.

कलम २. मोठा हातोडा जावयांना. त्याशिवाय दुसरे कोणतेही हत्यार त्यांच्या हाती देऊ नये. जावई स्वभावाने सोने आहेत, पण त्यांनी एकदा आमचा गळका नळ दुरुस्त केला आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला प्लंबर व गवंडी दोघांना बोलवावे लागले. हातोड्यात बिघडण्यासारखे काही नसते.

कलम ३. पान्यांचा संच, पत्र्याच्या खोक्यासह, ट्रॅक्टरच्या मिस्त्रीला. का, ते कलम ५ मध्ये कळेल. संचात एकोणीस नंबरचा पाना नाही. तो धाकट्याकडे आहे. अकरा वर्षे झाली. मी मागितला नाही आणि त्याने दिला नाही. ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचा तळाचा बूच नेमका त्याच पान्याने निघतो. त्यामुळे ऑइल बदलायचे म्हटले की मिस्त्रीला त्याच्या पान्यासकट बोलवावे लागते. दोन घरांमधल्या भिंतीपलीकडे पाना आहे, धाकट्याचा खोकला इकडे ऐकू येतो, आणि आम्ही पाना चार मैलांवरून मागवतो. घराण्याचा ताठा म्हणतात तो हाच.

कलम ४. आता ट्रॅक्टर. हा आम्ही दोघा भावांनी मिळून घेतला. रंग लाल होता. आता जिथे आहे तिथे लाल आहे. दर रविवारी मी तो धूत असे. फवारणीच्या पंपाला नळी लावून, पाण्याचा जोर पूर्ण ठेवून, नखशिखांत. गिअरच्या दांड्यापाशी चिखल फार साठतो म्हणून तिथे जास्त वेळ. लोक रस्त्यात थांबून बघत, आणि ते थांबतात म्हणून मी आणखी धूत असे.

अकरा वर्षांपूर्वी एका गुरुवारी धाकटा ट्रॅक्टर घेऊन ओढ्यापलीकडे चारा आणायला गेला. सोमवारी मागची, नांगर उचलणारी लिफ्ट कण्हू लागली. या गाडीत गिअरचे आणि लिफ्टचे ऑइल एकच. मी ऑइलची मोजपट्टी बाहेर काढून पाहिली, तर ऑइल दूध घातलेल्या चहासारखे. म्हणजे पाणी शिरले होते. मी तिथल्या तिथे निकाल लावला: ओढा. अंगणात, त्याची बायको, मुलगी आणि शेजारचे चार लोक यांच्यादेखत मी त्याला म्हणालो, "सामाईक वस्तू कशी वापरायची हे तुला कधी कळलंच नाही."

तो म्हणाला, "दादा, ओढ्याला घोटाभर पाणी होतं. एकदा गिअरच्या दांड्याचं रबर बघ."

मी म्हणालो, "मला शिकवू नकोस."

त्याने किल्ली माझ्यापुढे ठेवली आणि निघून गेला. ट्रॅक्टरमधला त्याचा अर्धा हिस्सा त्याने कधी मागितला नाही. हातात एकोणीसचा पाना होता, तो तेवढा चुकून गेला.

त्या ऑइलचा नमुना मी काचेच्या बाटलीत भरला, वर तारीख चिकटवली आणि बैठकीच्या खोलीतल्या कपाटात, मुलाच्या चषकांशेजारी ठेवला. आल्या पाहुण्याला पाणी विचारण्याआधी मी बाटली दाखवत असे. "हे आमच्या धाकट्याचं कर्तृत्व." सोयरीक घेऊन आलेल्यांनाही दाखवली. त्यातले एक जण सरबत समजून हात पुढे करते झाले.

कलम ५. हे कलम मी तीनदा लिहून फाडले.

नवीन ऑइल भरले. चार महिन्यांत तेही दुधाळ झाले. धाकट्याने तेव्हा ट्रॅक्टरला बोटही लावले नव्हते. मी पुन्हा बदलले, तिसऱ्यांदा तेच. तेव्हा मिस्त्रीने गिअरच्या दांड्याभोवतीचे रबर वर उचलले आणि म्हणाला, "काका, बोट घाला." मी घातले. बोट आरपार गेले. रबराला वीतभर चीर होती. "धुता कसा तुम्ही हा?" मी अभिमानाने सांगितले. तो म्हणाला, "म्हणजे दर रविवारी तुम्हीच पाणी भरताय की यात."

मी त्याला नवीन रबर बसवायला सांगितले आणि हे बाहेर बोलू नकोस म्हणालो. तो दहा वर्षे बोललेला नाही. म्हणून पान्यांचा संच. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळच्या ऑइलचे नमुने मी ठेवले नाहीत. पहिली बाटली कपाटातून काढली नाही. वर उल्लेखिलेले रागाचे मृत्युपत्र मी हे सगळे माहीत झाल्यावर लिहिले. राग कोणावर होता हे वाचणाऱ्याने ठरवावे.

तीन वर्षांपूर्वी मी दवाखान्यात होतो तेव्हा धाकटा रोज यायचा आणि दाराबाहेरच्या बाकावर बसायचा. त्याच्या चपला मला दाराखालच्या फटीतून दिसत. मी झोपेचे सोंग घेत असे. मला त्याला तोंड दाखवायची लाज वाटत होती, आणि आजही वाटते.

कलम ६. ट्रॅक्टर संपूर्णपणे माझ्या पुतणीला, म्हणजे धाकट्याच्या मुलीला. ती बापाची शेती एकटी सांभाळते आणि ट्रॅक्टर माझ्या मुलापेक्षा सरळ चालवते. खरे तर तो धाकट्यालाच द्यायचा होता. पण मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्यातून काही देऊ नये, असे वकील म्हणतात. आणि धाकटा मला साक्षीदार म्हणून हवा आहे. वारसाला कागद मी गेल्यावर वाचायला मिळतो, साक्षीदाराला आज मिळेल. साक्षीदाराने मजकूर वाचण्याची गरज नसते, फक्त माझी सही बघायची, असेही वकील म्हणाले. मी म्हणालो, हा साक्षीदार वाचेल. नाहीतर एवढी शाई कशाला घालवली?

कलम ७. ट्रॅक्टर मिळेल तो आजच्या स्थितीत, आणि आजची स्थिती वाईट आहे. रबर पुन्हा फाटले आहे, लिफ्ट पुन्हा कण्हते, ऑइल पुन्हा दुधाळ आहे. धुणे मी थांबवले नव्हते. या वेळी ज्याच्यावर ढकलावे असा माणूस उरलेला नाही. मुलगा म्हणाला, "बाबा, विकून टाका." त्याने मोबाईलवर बघून एक पाणी शोषणारी पूडही सुचवली. ती कोणीही टाकू नये.

काम असे करावे. गाडी एक दिवस हलवू नये. पाणी जड, ते तळाला बसते. मग बूच हळूहळू सैल करावा, आधी नुसते पाणी येईल, ते जाऊ द्यावे, मागून दुधाळ ऑइल. ते सगळे काढून स्वस्तातले पातळ ऑइल भरावे, चाके उचलून प्रत्येक गिअर थोडा वेळ फिरवावा आणि तेही काढून टाकावे. ऑइल गाळणारी जाळी धुवावी. त्यानंतरच चांगले ऑइल. पण सगळ्यात आधी रबर बदलावे. ते न बदलता ऑइल बदलत राहणे हा काय प्रकार असतो, ते मला विचारावे. आणि दांड्यावर पाण्याची नळी मारणाऱ्यास माझा वारस समजू नये.

कलम ८. काचेची बाटली धाकट्याला. बाटलीला काही किंमत नसल्याने साक्षीदाराला ती चालेल, असे वकिलांनी बाटली उजेडात धरून सांगितले. तिच्यातले पाणी आता खाली बसले आहे आणि वर ऑइल चांगले स्वच्छ दिसते. त्याने ती फोडावी, ओतावी किंवा माझ्या फोटोपुढे ठेवावी. मी ती आज पिशवीतून सोबत नेत आहे.

पुढचा मजकूर वकिलांच्या कार्यालयात लिहीत आहे.

अकराची वेळ दिली होती. सव्वाअकरा झाले. साक्षीदार क्रमांक दोन आलेले नाहीत. वकील म्हणतात, "खालच्या झेरॉक्सवाल्याची सही चालेल." मला चालणार नाही.

साडेअकरा. जिना चढताना खोकल्याचा आवाज.

आला. म्हातारा झाला आहे. मी "बस" म्हणालो, तो बसला. मी सर्वांसमोर सही केली. तो वाचतो आहे. चष्मा पुसून कलम ५ पुन्हा वाचतो आहे. मला बसवत नाही, पण उठून जायचे कुठे?

(सही) मृत्युपत्रकर्ता
स्थळ: वकिलांचे कार्यालय, पहिला मजला
दिनांक: ९ मार्च, सोमवार

साक्षीदार १, डॉक्टर: वरील गृहस्थांनी माझ्यासमोर सही केली. ते पूर्ण शुद्धीत आहेत. शहाणे आहेत की नाहीत हे तपासण्याचे यंत्र माझ्याकडे नाही. (सही)

साक्षीदार २, धाकटा भाऊ: दादाने माझ्यासमोर सही केली. मजकूर वाचला. कलम ७ मध्ये चूक आहे. एक दिवस पुरत नाही, पाणी बसायला दोन दिवस लागतात. तोवर कोणी गाडी सुरू करू नये. बुधवारी सकाळी रबर आणि एकोणीसचा पाना घेऊन येतो. दादाने फक्त डबा धरायचा, शिकवायचं नाही. बाटली आत्ताच नेतो आहे. तो मरेपर्यंत थांबायला मला वेळ नाही. अकरा वर्षं थांबलो तेवढं पुरे. (सही)