नाना गावाला गेले आहेत

कुमासी,
बुधवार

प्रिय वोफा,

भाची दुफिये हिचा वाकून नमस्कार. तुमचा डावा गुडघा कसा आहे? मामी तेल चोळून देते की अजून तुम्ही "उद्या बघू" म्हणून तिला टाळताच आहात? मामीला, घरच्या सगळ्यांना आणि तुमच्या त्या मारक्या बोकडालाही माझी आठवण सांगा. यानंतर पत्रात आपल्या राजाची, नानांची, खुशाली विचारायची आपली रीत आहे. ती मी या खेपेला मोडते आहे. का मोडते आहे ते तुम्ही जाणता, आणि मीही जाणते हे तुम्हाला कळावे म्हणूनच हा कागद. असल्या गोष्टी फोनवर बोलायच्या नसतात, त्यामुळे हे पत्र ट्रोट्रोच्या ड्रायव्हरच्या हाती देते आहे. (तो आपल्यासारखा आशांती नाही, आपल्या दरबारच्या गोष्टी वाचायची त्याला उत्सुकता नाही.)

सोमवारी तुम्ही फोन ठेवलात आणि तुमच्यापुरता विषय मिटला. इकडे काय महाभारत झाले ते ऐका. माझी नोकरी काय, हे तुम्ही गावात 'इंटरनेटची पोलिसीण' असे सांगता, ते थोडे जास्तच होते. एखादी वेबसाइट खरोखर ज्याची म्हणवते त्याचीच आहे असा दाखला देणारी एक परदेशी कंपनी आहे, आणि आमचे ऑफिस म्हणजे तिचे कुमासीतले हातपाय. दाखला देणे सोपे. तो रद्द कधी करायचा, याचे मात्र करारात पानेच्या पाने नियम आहेत. दाखल्यातला एक शब्द जरी खोटा निघाला तर पाच दिवसांत रद्द. दाखला मुळात योग्य माणसाच्या संमतीशिवाय मागितला होता असे निघाले, तर चोवीस तासांत रद्द. आपल्या आसुबिरेच्या दरबाराच्या वेबसाइटसाठी या सगळ्याला तुम्ही होकार दिलेला आहे. वाचले नसेल तर लाजू नका, कोणीच वाचत नाही. (मी वाचते. मला त्याचाच पगार मिळतो.)

आता खोटा शब्द कोणता, ते सांगते. दरबाराच्या दाखल्यात प्रांत म्हणून तुम्ही 'ब्राँग-आहाफो' घातलात. वोफा, सरकारने तो प्रांत मोडून त्याचे तीन केले त्याला वर्षे लोटली. 'सरकारने मला विचारले नव्हते' हे तुमचे म्हणणे मला पाठ आहे, पण कंपनीने सरकारचे ऐकले आणि शुक्रवारी दाखला रद्द होणार असे कळवले. एरवी मी हसून सोडले असते. पण मुलींच्या शिष्यवृत्तीचे अर्ज त्याच वेबसाइटवर भरायचे असतात आणि मुदत शनिवारी संपते. दाखला रद्द झाला की पान उघडणाऱ्या प्रत्येक पोरीला लाल अक्षरांत दिसणार, की ही जागा तुम्हाला फसवत असू शकते. आणि वर नानांचे नाव! ती योजना नानांची. तिच्यावर शिकलेली पहिली मुलगी कोण, हे तुम्हाला मी सांगायला नको. तेव्हा शुक्रवारच्या आत नवा दाखला मिळवायचा, एवढेच माझ्या डोक्यात होते.

नव्या दाखल्यासाठी योग्य माणसाचा फोनवर होकार लागतो. दरबाराचा योग्य माणूस म्हणजे नाना, आणि नानांचे ओच्यामे तुम्ही. त्यांची काठी तुमच्या हातात आणि त्यांचा शब्द तुमच्या तोंडात. कंपनीतर्फे खात्री करून घेणारी बाई मार्टा, ती थंडीच्या कुठल्याशा देशात बसते. मी मध्ये दुभाषी. मार्टाने विचारले, नाना आहेत का? तुम्ही आधी तिची, तिच्या आईची आणि तिच्याकडच्या पावसाची चौकशी केलीत (ती आपली उत्तरे देत राहिली, बिचारीला वाटले, हाही तपासणीचाच भाग असेल). मग तुम्ही म्हणालात, “नाना गावाला गेले आहेत.”

माझ्या हातात मिरचीत बुडवलेला केंकीचा घास होता, तो तसाच राहिला. (आपल्याकडे आसनावरचा माणूस गावाला गेला म्हणजे कुठे गेला, हे शेंबड्या पोरालाही कळते. त्या गावाहून परत आलेला माणूस अजून कोणी पाहिलेला नाही. आणि दरबाराने सांगेपर्यंत कोणी तो दुसरा शब्द उच्चारायचा नाही की डोळ्यांतून पाणी काढायचे नाही.) लाइनवर सगळे रेकॉर्ड होत होते. डोळे भरले ते मी मिरचीवर ढकलले आणि तुमचे वाक्य शब्दाला शब्द ठेवून मार्टाला सांगितले. दुसरे काय करणार होते?

मार्टाने विचारले, परत कधी येणार. तुम्ही म्हणालात, त्या गावाला गेलेल्याला तारीख विचारत नाहीत. तिने विचारले, तिथे नेटवर्क आहे का. तुम्ही क्षणभर खरोखर विचार केलात आणि म्हणालात, तिथून अजून कोणाचा फोन आलेला नाही. आणि फोन ठेवलात.

पुढचे सगळे माझ्या गळ्यात. मार्टा म्हणाली, योग्य माणूस बदलता येईल, पण कारण हवे. राजीनामा दिला का? मी म्हटले, आमच्यात राजाला राजीनामा नसतो. काढून टाकले का? यावर मी इतक्या जोरात 'नाही' म्हटले की आमचे लार्टे साहेब केबिनमधून बाहेर आले. मग ती तिसऱ्या कारणाकडे वळली आणि मी खोकले. ती पुन्हा वळली, मी पुन्हा खोकले. चौथ्या वेळी तिने मला कोमट पाण्यात मध घ्यायला सांगितले. बाई मनाने फार चांगली आहे.

मग मी शहाणपण केले. म्हटले, मार्टा, नाना नसले म्हणून काय बिघडले. जुन्या दाखल्याच्या वेळचे रेकॉर्डिंग काढून ऐक, आज होता तोच आवाज आहे. तिने काढले. त्यात तुम्ही भारदस्तपणे म्हणता आहात, 'नाना म्हणतात, हो.' मार्टाने विचारले, म्हणजे नाना स्वतः बोललेच नव्हते? मी अभिमानाने सांगितले, छे, परक्या माणसाशी नाना स्वतः कसे बोलतील! मग ती अगदी हळू म्हणाली, असे असेल तर मूळ संमतीच नव्हती, आता पाच दिवस नाहीत, चोवीस तास. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. शुक्रवारपर्यंतचे दिवस मी माझ्या तोंडाने घालवले होते, आणि तेही नानांच्या मुलींचे.

रात्रभर करार उलटापालटा केला. त्या चोवीस तासांच्या अटीत शेवटी एक अर्धे वाक्य आहे: योग्य माणसाने मागाहून संमती दिली तर चालेल. मग मी विचार केला, नानांच्याही वर आसुबिरेत कोण? तुम्हाला न विचारता मी काल सकाळी राणीआईंना फोन लावला, याची माफी असावी. त्यांनी स्वतः उचलला, मध्ये ओच्यामे नाही, कोणी नाही. मी इथे ऑफिसात उभी राहिले आणि चपला काढल्या. लार्टे साहेबांनीही काढल्या, का ते त्यांनाही कळले नाही. मार्टाने विचारले, पूर्वीच्या मागणीला तुमची संमती होती का, आणि आता नव्या दाखल्याला आहे का?

“त्याला आसनावर मी बसवला,” राणीआई म्हणाल्या. “तो हो म्हणाला, ते माझेच हो. पुढचा बसेल तोही माझ्याच शब्दाने बसेल. तोवर पोरींचे दार उघडे ठेव, आणि काय विचारायचे ते मला विचार.”

राणीआईंनी फोन ठेवल्यावर मार्टा मला म्हणाली, “दुफिये, माझे वडील गेल्या हिवाळ्यात गेले. ते हेच गाव का?”

मी म्हटले, “मार्टा, ही लाइन रेकॉर्ड होते.”

ती म्हणाली, बरं. आणि सांगितले, की राणीआई नानांच्या वरच्या असल्याने त्यांचा होकार पुरेसा आहे आणि नाना का नाहीत हे विचारायची नियमाप्रमाणे गरजच उरत नाही. आज सकाळी जुना दाखला रद्द झाला, नवा लागला. लाल अक्षरे कोणाला दिसली नाहीत.

मामीला नमस्कार. गुडघ्याला जपा, आता तुम्हाला फार उभे राहावे लागणार आहे.

तुमची,
दुफिये

ता.क. नव्या दाखल्यात प्रांत 'बोनो ईस्ट' आहे. तुम्हाला विचारले असते तर तुम्ही नाही म्हणाला असता, म्हणून विचारले नाही.

ता.क. अर्ज येतच आहेत. 'तुम्हाला ओळखणारी मोठी व्यक्ती कोण' असे अर्जात विचारले आहे तिथे एका पोरीने नानांचे नाव दिले आहे आणि फोन नंबर तुमचा. कोणी फोन केला तर तुम्हीच काय ते सांगा.

ता.क. हा सगळा दाखल्याचा पसारा मी तुम्हाला लिहिला, पण तो तर मिटला. पत्र त्यासाठी नाही. सोमवारपासून मी ऑफिसात हसते आहे, रंगीत कापड नेसते आहे, जेवते आहे. मार्टाच्या करारात प्रत्येक गोष्टीला मुदत दिलेली असते, आपल्या दरबारात कशालाच नसते. दिवस सांगायची तुम्हाला मुभा नाही, ठाऊक आहे. पण ज्या पहाटे तुमच्याकडे दरबाराचे ते सांगणारे ढोल वाजतील, तेव्हा मला फोन करा आणि काहीही बोला; प्रांत बदलला म्हणून शिव्या घाला, मी समजेन. मला रडायचे आहे, वोफा. कधीपासून चालेल, तेवढे कळवा.