रोजनिशीवाल्या डिस्कवर आत्याचे धवले

कामतघर, भिवंडी
१४ मार्च २००७

ती. लडकूमामा यांस केसरीनाथचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळे धडधाकट आहेत. तुमचा गुडघा तेलाने वळला की अजून अडून बसलाय, ते कळवा. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही दुसऱ्याच वाक्याला 'बरा, बरा' म्हणून ठेवून देता आणि ही हकिकत पूर्ण ऐकल्याशिवाय कळायची नाही.

माझ्या लग्नपत्रिकांच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवरून विंडोज काढून मी फुकटातलं लिनक्स टाकलं, तेव्हा भावकीत माझी केवढी शोभा झाली ते तुम्ही विसरला नसाल. (तुम्ही भर हळदीच्या मांडवात म्हणाला होता की फुकटची म्हैस दूध देत नाही.) तर याच कॉम्प्युटरवर मी दिघाशीच्या गुणाबाईआत्याचे धवले तिच्या आवाजात भरून घेतले, तीन दिवस बसून, नऊ तास. आत्याचं वय शहात्तर. लग्नात गायचे सगळे धवले तोंडपाठ असलेली धवलारीण तालुक्यात आता शोधावी लागते, आणि ती पुन्हा नऊ तास बसणार नाही हे तिने मला चहा पिता पिता स्पष्ट सांगितलं.

ही गाणी हवी होती अक्साला. (आपल्या गल्लीतल्या जब्बारशेठची मुलगी. पुण्याला जुन्या बायकांची गाणी जमवून त्यावर अभ्यास करते.) सोमवारी सकाळी ती आपली डिस्क घेऊन दुकानात आली. बाराला तिची पुण्याची गाडी होती. डिस्क जोडली, आतलं सगळं दिसलं, वाचता आलं, पण लिहू म्हटलं तर कॉम्प्युटर हटून बसला. तिची डिस्क मॅक नावाच्या कॉम्प्युटरच्या पद्धतीची. मॅक काहीही लिहिण्याआधी 'मी आता हे लिहितोय' अशी रोजनिशीत नोंद करतो, म्हणजे मध्येच वीज गेली तरी सावरता येतं. लिनक्सला ती डिस्क वाचता येते, रोजनिशी मात्र लिहिता येत नाही. म्हणून त्याने मला बजावलं की लिहायचंच तर जबरदस्ती कर, पण जबाबदारी तुझी. (इतकं स्पष्ट तर आपल्या ग्रामपंचायतीनेही कधी कळवलं नाही.) मॅकवर जाऊन रोजनिशी बंद करता आली असती, पण अक्साचा मॅक पुण्यात, आणि कामतघरात मॅक म्हटलं तर लोक पॉवरलूमचा पार्ट समजतात.

माझा हात जबरदस्तीकडे गेला तसा अक्साने धरला. ती हळूच म्हणाली, "यात गायलेल्या तीन बायका आता हयात नाहीत, केसरीभाई. समजून हात लावा."

मामा, मी हात मागे घेतला. आधी तिची सगळी डिस्क माझ्याकडे उतरवून घ्यायची ठरवली, तर जागा नाही. शेवटी मी माझी पाच वर्षांची पत्रिकांची डिझाइनं पुसली. (गणपतीच सव्वाशे प्रकारचे होते.) उतरवायला पाऊण तास गेला. आत्या बाकावर बसून हे सगळं बघत होती. अडलंय कुठे ते मी तिला सांगितलं, तर म्हणाली, "मना तरी कवा लिवता आला? तरी गानी ऱ्हायलीच ना."

मग मी जबरदस्तीचा हुकूम दिला. डिस्क मुकाट्याने उघडली. गाणी जायला लागली आणि अर्ध्यावर आली तेवढ्यात अकराचं लोडशेडिंग. सगळ्या गल्लीतले लूम एकदम गप्प झाले. रोजनिशी नाही, वीज नाही, फक्त खाली ठेवलेला यूपीएस टीटी करतोय, आणि तो जेमतेम सात मिनिटं टिकतो. अक्सा पुटपुटत होती, आत्या माझ्या पाठीवर हात ठेवून उभी. सहाव्या मिनिटाला शेवटचं गाणं गेलं, मी डिस्क रीतसर सोडवून काढली आणि लगेच पडदा काळा झाला. आम्ही तिघं हसत सुटलो.

काल पुण्याहून फोन आला. मॅकने डिस्क तपासली, कुरकुर केली नाही. जुनी गाणी जशीच्या तशी, आत्याचे नऊ तास पूर्ण. तुमच्या म्हशीने दूध दिलं, मामा, आणि सायीचं दिलं. हे भावकीत तुमच्या तोंडून कळलं तर बरं.

आपला,
केसरीनाथ

ता. क. हे सगळं सांगण्याचं खरं कारण वेगळंच. अक्सा म्हणते, धवले एकटीने गायचे नसतात, मागे झेल धरणारी, ओळ उचलून गाणारी दुसरी हवी. आत्या म्हणते, तसा आवाज एकीचाच, आपल्या राहीबाईमामींचा. तुमची गोदामं भाड्याने घेणाऱ्या शेठलोकांसमोर शोभत नाही म्हणून तुम्ही मामींचं गाणं बंद केलंत, त्याला नऊ वर्षं झाली. त्यांना गायची तेवढी परवानगी द्यावी.

ता. क. दुसरा. हे पत्र दुकानातल्या पोराच्या हाती आजच पाठवतोय, पण परवानगी सावकाश पाठवली तरी चालेल. मामी कल्याणच्या बाजारात गेल्यात असं तुम्हाला वाटतंय, पण त्या सकाळपासून माझ्या दुकानात गातायत. संध्याकाळी घसा बसलेला दिसला तर सर्दीचं औषध देऊ नका.