काजलच्या बापाचा पिक्चर

कोरीट,
६ जानेवारी २०२५

चि. भाईदास यास छबूअक्काचा आशीर्वाद.

फोनवर तू हो-हो करून ठेवून देतोस, म्हणून लिहिते. तुझ्या दाजींवर काढलेल्या पिक्चरची जाहिरात काजलने मोबाइलवर दाखवली. उलटलेल्या नावेतली माणसं काढता काढता ते तापीत गेले, ते बरोबर आहे. पण त्याआधी दारू पिऊन मला पट्ट्याने मारतात असं दाखवलंय! ज्याने कधी सुपारी तोंडात टाकली नाही तो! डायरेक्टर म्हणतो, ताई, बिघडलेला माणूस सुधारला तरच लोक रडतात.

बाप गेला तेव्हा काजल दोन वर्षांची. तिने विचारलं, पप्पा मारायचे का? मला पैसा नको. चोवीस तारखेला लागायच्या आत तेवढं कापायला लाव. सुरतेत तुझ्या ओळखीचा वकील शे ना? झोपू नको.

तुझी,
छबूअक्का


सुरत,
१३ जानेवारी

ती. छबूअक्कास भाईदासचा सा. न. वि. वि.

नोटीस दिली. कंपनी म्हणते, बाईंनी मोबदला घेऊन संमती दिली, व्हिडिओ आहे. मी पाहिला. आखाजीच्या सणाला तू डायरेक्टरला रस-पुरणपोळी वाढतेस, तो साडी अन् पाकीट देतो, तू म्हणतेस, भाऊ, तुला हवं तसं कर. अक्का, माझी साडी कधी एवढी हसत घेतली नाहीस!

कोर्टाची तारीख मिळेपर्यंत पिक्चर लागून उतरेल. गप्प राहिलीस तर ते दोन लाख देतात. काजलच्या शिक्षणाला होतील. घे असं मला वाटतं. रागावलीस तरी लोभ कमी करू नको.

भाईदास


कोरीट,
२६ जानेवारी

चि. भाईदास यास आशीर्वाद, दोन लाखांचं नाव पुन्हा काढू नको.

सणाला ताई म्हणून दारात आलेल्याची साडी परत करतात का रे? भावाच्या साडीला कोणी मजुरी म्हणतं का? पाकीट मी त्याच्याच खिशात परत कोंबलं, ते बरोबर कापलंय. कापता येतं त्यांना.

काजल नंदुरबारला पिक्चर बघून आली. मग म्हणाली, माय, पाठ चोळून देते. मला वाटलं, माया आली पोरीला. तेल लावताना तिची बोटं जागोजागी थांबत होती. पोरगी वळ शोधत होती, भाईदास! मी पदर टाकला, म्हटलं, उजेडात देख, नीट देख. तिने पाहिलं. काहीच नव्हतं. म्हणाली, एवढ्या वर्षांत वळ जातात, माय.

आता मी काय दाखवू तिला? तू तुझ्या दाजींना पाहिलं आहेस. मिळेल त्या गाडीने ये. आलास तरच माझ्यावर लोभ आहे असं धरीन.

छबू