डाव्या बाजूचा व्हाल

दुसरबीड,
रविवार, पोहे खाल्ल्यावर (बिनमिठाचे)

तीर्थरूप सिंधूताईस,

धाकट्या वामनचा मेहकरच्या दिशेने तोंड करून दंडवत. इकडे सगळे खुशाल, तिकडचं तू कधी सांगत नाहीस. फोनवर "कशी आहेस" विचारलं की "मले काय धाड भरली" म्हणतेस आणि फोन नातीच्या हातात देऊन मोकळी होतेस. म्हणून हे पत्र. पत्र मधेच कापता येत नाही. चष्मा सापडत नाही ही सबबही चालायची नाही, कारण प्रेरणाच तुला वाचून दाखवणार आहे. (प्रेरणा, कंसातलंसुद्धा वाचायचं, गाळायचं नाही.)

तर बातमी अशी, की माझ्या हृदयाचा एक व्हाल गळतो. घाबरू नकोस. पस्तीस वर्षं मी लोकांच्या जळक्या मोटरी नवी तार घालून भरून दिल्या, विहिरीवरचे पंप दुरुस्त केले. गळका व्हाल बघून माझं कधी काही बिनसलं नाही. बुलढाण्याचे डॉक्टर म्हणतात, संभाजीनगरला जाऊन ऑपरेशन करा, जमला तर दुरुस्त करतील नाहीतर नवा टाकतील, पण महिन्याच्या आत. उशीर केला तर सगळं इंजिनच बसेल. तसा कागदही दिला आहे. त्यावर माझी सही अजून व्हायची आहे. का, ते ओघाने येईल.

सुरुवात दमापासून झाली. पाच हॉर्सची मोटर खांद्यावर टाकून विहिरीपर्यंत जाणारा मी, दिवाळीनंतर नुसती पान्याची पिशवी घेऊन गेलो तरी बांधावर बसायला लागलो. आडवं पडलं की खोकला, म्हणून दोन उशा, मग तीन. रुखमाने हे सगळं पित्त ठरवलं आणि दोन महिने मला ओवा चारला. (ओव्याबद्दल माझी काही तक्रार नाही, ओव्याने ओव्याचं काम केलं असेल.) शेवटी राजकुमारने दुकानाला कुलूप लावून किल्ली स्वतःजवळ ठेवली आणि मला बुलढाण्याच्या बसमध्ये बसवलं. पोरगा बापावर गेला नाही, याचं पहिल्यांदाच बरं वाटलं.

तिथे एका पोरीने छातीला गार चिकट काहीतरी लावलं, वरून एक यंत्र फिरवलं, आणि समोरच्या पडद्यावर माझं हृदय दिसू लागलं. ताई, लोक त्याच्याबद्दल काय काय बोलतात, पण तो मुठीएवढा पंप आहे. खरं म्हणजे एका बॉडीत दोन पंप. उजवा वापरलेलं रक्त फुप्फुसात ढकलतो. तिथे त्याला हवा मिळते, ते ताजं होऊन डाव्या पंपात येतं, आणि डावा ते डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत सगळ्या शिवाराला पोचवतो. मिनिटाला पाच लिटर, म्हणजे दिवसाचे सात हजार, आणि भारनियमन नाही. चार खोल्या, चार व्हाल, सगळे एकाच बाजूला उघडणारे. त्यातला माझा डावीकडच्या दोन खोल्यांमधला नीट मिटत नाही. प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त मागे जातं, फुप्फुसाकडे तुंबतं, म्हणून दम. डॉक्टर हे चित्र काढून समजावत होते तेव्हा मी म्हणालो, "म्हंजे फूटवाल धरून नाही राह्यला." (प्रेरणा, फूटवाल म्हणजे विहिरीत पाइपाच्या तळाशी असतो तो, वर चढलेलं पाणी मागे पडू न देणारा.) त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, हो, तसंच.

मग त्यांना उत्साह आला. हार्ट अटॅक म्हणजे पंपाचा बिघाड नव्हे, म्हणाले, पंपाला स्वतःला रक्त पुरवणाऱ्या बारीक नळ्या चरबीने बुजतात. मी म्हटलं, आमच्याकडे ठिबकच्या नळ्या क्षाराने बुजल्या की आम्ही ॲसिड सोडतो. हा इलाज त्यांनी ताबडतोब नामंजूर केला. आणि बीपी म्हणजे पाइपात कायमचा जास्त दाब. आवाज नाही, दुखणं नाही, मीटर लावल्याशिवाय कळत नाही, आणि पंप आतल्या आत थकत जातो. एवढं शाळेत शिकवलं असतं तर मी चौथीच्या पुढेही आनंदाने शिकलो असतो.

आता घोळ ऐक. बसस्टँडवरून मी राजकुमारला फोन लावला. मागे गाड्यांचे हॉर्न, कंडक्टरच्या आरोळ्या. मी ओरडून सांगितलं, "व्हाल लीक हाय, बदला लागते!" तेवढ्यात बस लागली आणि फोन बंद केला. आमच्या घरात व्हाल म्हणजे विहिरीतलाच, म्हणून राजकुमारने माझ्या हाताखाली शिकलेल्या भागवतला बोलावलं. दोघांनी आणखी दोन गडी जमवून आपल्या विहिरीतला पस्तीस फूट पाइप वर ओढला, नवा फूटवाल बसवला आणि संध्याकाळपर्यंत मोटर चालवून पाहिली. मी फाट्यावर उतरलो तर भागवत चिखलाच्या हाताने उभा. "काका, टाकला नवा व्हाल. आता धा वर्षं पाहाचं काम नाही!" खरं सांगतो ताई, एक क्षणभर मला एवढं हलकं वाटलं की मी त्याच्या पाठीवर थाप मारली.

घरी रुखमाने शिरा केला होता. मळ्यात पाणी जोरात पडत होतं, सगळे खुश. अशा घरात आपला व्हाल कुठे काढायचा? मी शिरा खाल्ला. तिसऱ्या दिवशी धुण्याच्या सदऱ्यात तिला रिपोर्ट सापडला, तो तिने राजकुमारकडून वाचून घेतला. म्हणाली, "मोटरीचा गळला त गावभर सांगता, अन् सोताचा गळला त खिशात ठेवता?" मग रडली. मग उठून माझ्या ताटातलं मीठ काढून घेतलं, ते अजून दिलेलं नाही.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, लहानपणी घसा दुखून ताप आला होता का, सांधे सुजले होते का? मी नाही म्हणालो. परतीच्या बसमध्ये चिखलीच्या अलीकडे आठवलं. मी चौथीत होतो, तू सातवीत. आधी तुझा घसा धरला, मग माझा. मग दोघांचे गुडघे कवठाएवढे. आई निर्गुडीचा पाला गरम करून बांधायची आणि आपण एका गोधडीत महिनाभर पडून होतो. पुढच्या खेपेला ते सांगितलं तर डॉक्टर म्हणाले, हाच तो. हा ताप सांधे सोडून जातो, पण व्हालला धरून बसतो, आणि कळतं तीस-चाळीस वर्षांनी.

असो. ऑपरेशनला मी भीत नाही. (भितो.) तू काळजी करू नकोस, इकडे धावत येऊ नकोस. घरातल्या मोठ्यांना नमस्कार, प्रेरणाला आशीर्वाद, आणि तुझा माझ्यावर जो राग आहे तो तसाच राहू दे, सवयीचा झाला आहे.

तुझा
वामन

ता. क. सहीचं राहिलंच. गोधडीत दोघं होतो, मग दुसरीचं काय, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, त्यांनाही तपासायला आणा. भाऊबीजेला मला ओवाळताना तू ताट हातात घेऊन मधेच खाली बसलीस आणि म्हणालीस, "दिवा इझते, म्हणून बसली." ताई, पंखा बंद होता.

आणखी एक. बुलढाण्याला बुधवारचा तुझा नंबर लावला आहे. राजकुमार सकाळी आठला गाडी घेऊन दारात येईल. तुझी तपासणी झाल्याशिवाय मी माझ्या कागदावर सही करणार नाही, असं डॉक्टरांना सांगून आलो आहे. ते रागावले. रुखमाही रागावली. तुझ्यापुढे माझं आजवर एकदाही चाललं नाही, म्हणून हा आडमार्ग.

शेवटचं, प्रेरणासाठी. बेटा, पत्र खाली ठेव. आजीच्या घोट्याच्या वर, नडगीच्या हाडावर अंगठा दाबून धर, दहा अंक मोज आणि उचल. खड्डा तसाच राहिला तर पंप थकून पायात पाणी उतरलं आहे असं समज आणि मला लगेच फोन कर. नाही राहिला तरी गाडी येणारच आहे.

ताई, पाय मागे घेऊ नकोस.