चमच्याचे दोन ठोके

३ मार्च
पोचले एकदाची मोनास्तिरला. रोजाने घसा कोरडा पडलाय, पण स्वारी खूश आहे. खोली प्रयोगशाळेला लागूनच, खिडकीत समुद्र, आणि शेजारच्या दालनात भिंतभर काचेच्या टाक्यांत चार हजार पट्टेरी मासे. त्यांचं अंडं इतकं पारदर्शक की आतलं हृदय पहिल्यांदा हलतं तेही दिसतं. हे बघायला मिळावं म्हणूनच तर मी ट्यूनिसची नोकरी सोडली.

कल्ले घडवणारं जनुक कुठल्या बटणाने सुरू होतं, ते मला शोधायचंय. तेच जनुक माणसातही असतं. आईच्या पोटात आपल्याही मानेवर तशाच घड्या पडतात, मग बटण बंद होतं आणि त्यातून कान, जबडा असं काय काय घडतं. आधी हे काम सब्री करायचा. तो फ्रान्सला गेला, असं आमचे प्रमुख सी मोन्सेफ म्हणाले. कोपऱ्यातल्या मोठ्या टाकीवर अजून त्याचंच नाव आहे.

मासे सांभाळणाऱ्या झोहरामावशी खाणं घालण्याआधी काचेवर चमचा दोनदा वाजवतात. दुसऱ्या ठोक्याला झाडून सगळे मासे वर. मला हसूच आलं. ईदला घरी केफला येतेच, असं आईला फोनवर कबूल केलं. मी एकुलती एक, माझ्याशिवाय तिची ईद होत नाही.

९ मार्च
आज अंड्याला सुई टोचायला शिकले. सब्रीने तयार केलेल्या बटणाचं द्रावण आधी बारीक काचनळीत तोंडाने ओढून घ्यायचं. त्यासाठी यंत्र आहे, पण सी मोन्सेफ जुन्या वळणाचे. "हाताला अंदाज येत नाही गं, ओठांना येतो," म्हणाले.

कोरड्या तोंडाने जोर जास्त लागला आणि थेंब थेट घशात गेला. चूळ भरायची तर रोजा, आणि चारचौघांत खाकरायची लाज. मावशींनी बघितलंच. एमना, रोजात मासे हाणलेस होय, म्हणून चिडवलं, आणि चुकून गेलेलं माफ असतं, असंही म्हणाल्या. ते मलाही ठाऊक होतं. विषय तिथेच संपला.

१५ मार्च
रोजा सोडताना शोरबा घशाखाली उतरेना. कानामागे सारखी खाज. दुपारी मावशींनी चमचा वाजवला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं, भर रोजात. कुणाला सांगितलं नाही.

२१ मार्च
कानांमागे रेघा उमटल्यात. दोन्हीकडे तीन-तीन.
सुटलेला पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली धरला. हिरवा उजेड. बटण सुरू झालं की पेशी हिरव्या चमकाव्यात, ही खूण सब्रीनेच जोडली होती. दुसरा पापुद्रा धरून बघितला, तोही हिरवा.

सी मोन्सेफना दाखवलं. ते दचकलेसुद्धा नाहीत. वही काढून तारीख लिहिली. "सब्रीला सतरा दिवस लागले होते," म्हणाले. "तुला बाराच."

२५ मार्च
केफची बस गाठायला निघाले. फाटकापर्यंतच जमलं. हवा आत जाते, पण पुरत नाही. धावत परत आले, टाकीत मान बुडवली. बरं वाटलं. बरं वाटलं म्हणूनच रडले.

फोन सी मोन्सेफनी ठेवून घेतलाय. ओला होईल म्हणे.

२८ मार्च
मावशी मोठ्या टाकीवरचं सब्रीचं नाव पुसताहेत. रडताहेत, पण पुसताहेत.
सब्री कुठे, विचारलं. त्यांनी समुद्राकडे बघितलं.
फ्रान्स त्याच दिशेला —

ईद
गळ्यापर्यंत पाण्यात. वही टाकीच्या काठावर.
आई आलीय. दारापलीकडे तिचा आवाज. खजुराचे गोड मक्रूद आणलेत म्हणते, एमनाला आवडतात.
हाक मारते — नुसते बुडबुडे.
सी मोन्सेफ तिला सांगताहेत, "एमना फ्रान्सला गेली हो."
आई म्हणते, "मला न सांगता? माझी पोर तशी नाही."
जाऊ नकोस आई. काच बडवते. ऐकू जाईल. हात उचल —
मावशी आल्या. चमचा.
एक.
आई थांब, मी इथे, या का —
दोन.
मी व —